नोएडात पडलेले चार थेंब

आपल्या देशात बातमी मोठी का छोटी, हे ओळखायचं एक सोपं गणित मी बसवलं आहे. घटना जिथं घडली ती जागा नोएडाच्या सेक्टर १६ए मधल्या फिल्मसिटीपासून किती लांब आहे, तेवढंच मोजायचं. पाच किलोमीटरच्या आत असेल तर राष्ट्रीय बातमी. पंचवीसच्या आत असेल तर राजधानी हादरली. शंभराच्या पुढं गेलात की एखादा पूल तरी पडावा लागतो. आणि दीड हजार किलोमीटरवर, म्हणजे आमच्या विट्यात, भूकंप जरी झाला तरी तो सांगली आवृत्तीच्या चौथ्या पानावर, पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या खाली.

यात कुणाचं कारस्थान नाही. हिंदी-इंग्रजी वाहिन्यांची बरीचशी कार्यालयं या एकाच सेक्टरात दाटीवाटीनं बसली आहेत. बातमीदार सकाळी घरून निघतो, डीएनडीवर अडकतो आणि काचेतून जे दिसतं ती त्याची पहिली बातमी होते. विट्याला ओबी व्हॅन धाडायची तर दोन दिवस जाणार, वर डिझेल. त्यापेक्षा गेटाबाहेर चार थेंब पडले की छत्री उघडून उभं राहिलेलं परवडतं. माझं ऑफिस फिल्मसिटीच्या पलीकडंच असल्यामुळं हे छत्रीवाले मला जवळून बघायला मिळतात. त्यातला एकजण सगळा कोरडा फुटपाथ सोडून त्या रस्त्यावरच्या एकमेव डबक्यात जाऊन उभा राहिला होता, आणि कॅमेरावाला त्याला सांगत होता, "थोडा और अंदर, सर."

याचा परिणाम असा की नोएडात पाऊस पडलेला मला विट्याहून कळतो. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन येतो. "काय रं, पाणी भरलंय म्हणं तिकडं? गाड्या तरंगाय लागल्यात की!" मी खिडकीशी जातो. खाली सोसायटीचा गार्ड आपली खुर्ची जरा आत सरकवत असतो. "न्हाई आबा, भुरभुर हाय नुसती." "तुला काय कळतंय? हितं टीव्हीवर दिसतंय."

पाण्याच्या बाबतीत विट्याच्या माणसाची चेष्टा करू नये. आमचा खानापूर तालुका पर्जन्यछायेतला. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेनं टप्प्याटप्प्यानं उचलून शिवारात यायला कितीतरी निवडणुका खर्ची पडल्या. त्यामुळं कॅनॉट प्लेसजवळच्या मिंटो ब्रिजखाली पावसाळ्यात पाणी तुंबतं, त्यात बस अडकते आणि तिचा फोटो देशभर जातो, हा आबांच्या दृष्टीनं शुद्ध माज आहे. "एवढं जड झालं असंल पाणी तर पाइप टाका म्हणावं टेंभूपतोर," हे त्यांचं कायमचं मत. आणि गंमत बघा, जुलै २०२३ मध्ये यमुना जेव्हा खरोखरच शहरात शिरली, २०८.६६ मीटरपर्यंत चढून तिनं १९७८ चा २०७.४९ चा उच्चांक मोडला, लाल किल्ल्याच्या तटापर्यंत पाणी आलं, तेव्हा मी होऊन घाबऱ्याघाबऱ्या फोन केला. आबा जेवत होते. म्हणाले, "तुमचं काय, दर वर्षीचंच हाय ते."

उन्हाळ्याचंही तसंच. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंश तापमान नोंदलं गेलं. दिवसभर तो आकडा पडद्यावर लालभडक पेटला होता. गावात आबांचा भाव वधारला, कारण बावन्न अंशांत राहणारा मुलगा पारावर दुसऱ्या कुणाचाच नव्हता. पुढं हवामान खात्यानं तपासणी केली आणि सांगितलं की त्या केंद्राचं यंत्र तीन अंश जास्त दाखवतंय. मी प्रामाणिकपणे ते कळवलं. "म्हंजे पन्नासच का?" आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाजच पडला.

इथं माझ्या थोरल्या चुलतभावाची ओळख करून द्यायला हवी, कारण माझी दिल्लीविषयीची निम्मी मतं त्याची आहेत. दादा करोलबागेत रैगरपुऱ्यात गलाईचं दुकान चालवतो. पाऊस पडत नाही म्हणून खानापूर-आटपाडीकडची माणसं मागंच देशोधडीला लागली आणि जाईल तिथं सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत भट्टी पेटवून बसली. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, ॲसिडमध्ये शुद्ध करायचं, पाटल्या-बांगड्यांची लगड करून द्यायची. कारागिराच्या दुकानातला केरसुद्धा ही माणसं विकत घेतात आणि जाळून-धुऊन त्यातून सोनं काढतात. दागिन्यात निखळ सोनं किती, हे तपासायला त्यांच्यात टंच काढणं म्हणतात. दादा धंद्यात इतका मुरला आहे की तो माणसांचा, पुढाऱ्यांचा, बातम्यांचा, सगळ्यांचाच टंच काढतो. मुंगेशपूरच्या बातमीवर तो म्हणाला होता, "सोनं बरुबर होतं, काटा खोटा निघाला."

नोएडाच्या सेक्टर ९३ए मधले ते बेकायदा जुळे मनोरे पाडले तेव्हा दादा मुद्दाम माझ्याकडं राहायला आला होता. २८ ऑगस्ट २०२२, रविवार, दुपारी अडीच. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं पाडायचे म्हटल्यावर तो सणच झाला. कुतुबमिनारपेक्षा उंच इमारती, ३,७०० किलो स्फोटकं, पडद्यावर उलटी मोजणी. ज्याची गच्ची मनोऱ्यांच्या दिशेला त्याला त्या आठवड्यात दूरदूरचे मामा-मावश्या भेटले. आमच्या सोसायटीतल्या अंकलजींनी घरून दुर्बीण आणली होती आणि ते प्रत्येकाला दहा सेकंद बघू देत होते. सगळा कार्यक्रम नऊ सेकंदांत आटोपल्यामुळं तो कुणाच्या वाट्याला आला ते सांगायला नको. धूळ खाली बसल्यावर दादा म्हणाला, "बांधताना कुणाला दिसले न्हाईत. पाडताना सगळा देश बघतोय." मग त्याला वेगळीच काळजी लागली. एवढा राडारोडा कोण घेणार, आणि किलोला काय भाव लागणार?

नोएडाची आणखी एक ख्याती होती. उत्तर प्रदेशचा जो मुख्यमंत्री इथं पाय ठेवील त्याची खुर्ची जाते! १९८८ मध्ये वीर बहादूर सिंह इथून परतले आणि पद गेलं, तिथून ही समजूत सुरू झाली. अखिलेश यादव यांनी तर नोएडातली उद्घाटनं लखनौत बसून उरकली. २०१७ च्या डिसेंबरात योगी आदित्यनाथ मेट्रोच्या कार्यक्रमाला आले, २०२२ मध्ये पुन्हा निवडूनही आले, आणि आमच्या शहराची एकुलती एक दंतकथा बुडाली. अंकलजींना त्याचं मनापासून वाईट वाटतं. "पहले कोई आता नहीं था, कितनी शांति थी," असं ते ट्रॅफिकमध्ये अडकले की म्हणतात.

दंतकथांच्या बाबतीत दिल्ली जास्त श्रीमंत. २००१ च्या मे महिन्यात आधी गाझियाबादेत आणि मग यमुनेपारच्या वस्त्यांत काला बंदर प्रकटला. दादा तेव्हा नुकताच दिल्लीत आलेला, दुकानाच्या गच्चीवर झोपायचा. त्या बंदराची उंची कुणी चार फूट सांगायचं, कुणी आठ. डोक्याला हेल्मेट, हाताला लोखंडी नख्या, डोळे लाल आणि छातीवर तीन बटणं. पोलिसांनी त्याची रेखाचित्रंही काढली. माणूस म्हणावं तर केस आणि माकड म्हणावं तर बटणं, अशी तपासाची पंचाईत झाली. दादा सांगतो, त्या महिनाभर गल्लीत अंधारात कुणी खोकलं तरी मार खात होतं. "तू बघितलास का रं?" आबांनी तेव्हा विचारलं होतं. "मी न्हाई, पण ज्यानं बघितला त्याला बघितलाय," हे दादाचं उत्तर विट्याला अजून प्रसिद्ध आहे. गावाकडं भुताच्या साक्षीदाराची हीच व्याख्या आहे, त्यामुळं सगळ्यांना ते लगेच पटलं.

खऱ्या माकडांची कथा त्याहून अजब आहे. ल्युटेन्स दिल्लीत माकडं फार. त्यांना पळवायला पूर्वी वानर पाळलेले असत. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, म्हणून नगरपालिकेनं वानराचा हुबेहूब आवाज काढणारी माणसं ठेवली. २०२३ च्या सप्टेंबरात जी-२० आलं, तेव्हा जागोजागी वानरांचे कटआउटही उभे केले होते. म्हणजे जगातले बलाढ्य देश हवामानबदलावर चर्चा करताहेत आणि बाहेर एक माणूस झुडपाआडून ओरडतोय. दादाच्या मते दिल्लीत टंच नव्याण्णव पन्नास असलेला एकमेव सरकारी माणूस तोच. कामाचा आवाज सगळेच करतात, याच्या आवाजानं काम होतं.

खेळाकडं वळू. खेळाची चर्चा माझी आणि अंकलजींची रोज सकाळी दुधाच्या बूथपाशी होते आणि ती फिरून फिरून कोटल्याच्या मैदानावर येते. २०१९ पासून स्टेडियमला अरुण जेटलींचं नाव आहे, पण अंकलजींच्या तोंडी कोटलाच. मी त्यांना एकदा सुनावलं, की २९ ऑक्टोबर १९८३ ला गावसकरांनी २९ वं शतक करून ब्रॅडमनची बरोबरी केली ती तुमच्या कोटल्यावर. आणि २००५ च्या डिसेंबरात सचिननं ३५ वं शतक ठोकून गावसकरांना मागं टाकलं तेही तुमच्याच कोटल्यावर. मुंबईकरांनी इथं येऊन आपसातले हिशेब मिटवले, दिल्लीकर टाळ्या वाजवत बसले. अंकलजींनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "ग्राउंड तो हमारा था ना." यावर काय बोलणार? या शहरात कर्तृत्वापेक्षा जागेला भाव आहे, हे कुठल्याही प्रॉपर्टी डीलरला विचारा.

कोटल्यावर घडणाऱ्या गोष्टी इतर मैदानांवर घडतच नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला मास्क लावून क्षेत्ररक्षण करत होते. तेव्हा सगळे त्यांना हसले, आणि जेमतेम अडीच वर्षांत हसणारेही मास्क लावून घरात बसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेच्याच अँजेलो मॅथ्यूजच्या हेल्मेटचा पट्टा तुटला, पहिला चेंडू खेळायला उशीर झाला, बांगलादेशनं दाद मागितली आणि पंचांनी त्याला 'टाइम्ड आउट' दिलं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला असा पहिलाच गडी. दादाचं म्हणणं, वेळेवर न पोचल्याबद्दल दिल्लीत शिक्षा झालेला हा पहिला माणूस, आणि तोही परदेशी.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे विराट कोहलीचा रणजी सामना. ३० जानेवारी २०२५ ला, बारा वर्षांनी, तो दिल्लीकडून रणजीत उतरला, रेल्वेविरुद्ध. रणजीच्या सामन्याला एरवी खेळाडूंच्या आयांखेरीज कुणी नसतं. त्या दिवशी पहाटेपासून रांगा, गेटवर रेटारेटी, आयोजकांना आणखी स्टँड उघडावे लागले. दादानं दुकान पोरावर टाकलं आणि गेला. पहिला दिवसभर दिल्लीचं क्षेत्ररक्षण होतं. हजारो माणसं एका माणसाला स्लिपमध्ये उभं राहिलेलं बघत होती. त्यानं टोपी सरळ केली तरी आरोळी. कमरेत वाकला तर मोठी आरोळी. दादा संध्याकाळी घसा बसवून परत आला आणि म्हणाला, "लई भारी मॅच." स्कोअर विचारला तर त्याला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी कोहली फलंदाजीला आला. सहा धावा झाल्या आणि हिमांशू सांगवानचा चेंडू आत आला, ऑफ स्टंप उडून मागं जाऊन पडला. पुढच्या काही मिनिटांत स्टेडियम रिकामं होऊ लागलं. दिल्लीचा संघ फलंदाजी करतच होता, पण लोकांना त्याच्याशी काय देणंघेणं? दादाही जेवणाच्या आत दुकानात हजर झाला. "रेल्वेकडनं आयुष्यात पयल्यांदा कायतरी टायमात आलं," एवढंच बोलला आणि मूस भट्टीत ठेवली.

मला मात्र त्या सामन्यातला वेगळाच माणूस आवडला. सांगवाननं नंतर सांगितलं, की संघाला घेऊन जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं त्याला आधीच सल्ला दिला होता: कोहलीला चौथ्या-पाचव्या स्टंपच्या रेषेत टाक, लगेच आउट होईल. केवढा हा आत्मविश्वास! हातात स्टिअरिंग, समोर दिल्लीचा ट्रॅफिक, मागं अकरा व्यावसायिक क्रिकेटपटू, आणि हा आरशातून बघत रेषा आणि टप्पा समजावतोय. सांगवाननं ऐकून घेतलं आणि शेवटी आपल्या मनासारखंच टाकलं, तेही त्यानं सांगितलं. पण या शहराचा खरा प्रतिनिधी कोण, असं मला कुणी विचारलं तर मी त्या ड्रायव्हरचा पुतळा इंडिया गेटपाशी बसवीन. इथं रिक्षावाल्याला परराष्ट्र धोरण ठाऊक असतं, न्हाव्याला पुढचा लेफ्टनंट गव्हर्नर कोण ते माहीत असतं, आणि पराठेवाल्याचा साडू गृहमंत्रालयात असतो. हे सगळं ऐकून घ्यायचं आणि आपल्या मनासारखं टाकायचं.

कुस्ती-कबड्डीत मात्र मी हार मानत नाही. इंदिरा गांधी स्टेडियमच्या आवारात कुस्तीसाठी बांधलेल्या सभागृहाला खाशाबा जाधवांचं नाव आहे. अंकलजींना वाटायचं हे के. डी. जाधव कुणी माजी क्रीडामंत्री असावेत. मी त्यांना १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणि कऱ्हाडजवळचं गोळेश्वर असं सगळं ऐकवलं; गोळेश्वर आमच्यापासून किती जवळ आहे तेही थोडं कमी करून सांगितलं. वर आमच्या तालुक्यातल्या भाळवणीचे चंद्रहार पाटील दोनदा महाराष्ट्र केसरी, ही पुरवणी जोडली. अंकलजी गंभीर झाले. "तो फिर आप इतने पतले कैसे?"

कबड्डीनं त्याचा सूड उगवला असता, पण नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला प्रो कबड्डीची अंतिम लढत दिल्लीतच, त्यागराज स्टेडियमवर, दबंग दिल्ली विरुद्ध पुणेरी पलटण. आम्ही गलाईवाले भगवे फेटे बांधून बसलेलो. एरवी पुणं म्हटलं की सांगलीकराच्या कपाळाला आठी पडते, पण दीड हजार किलोमीटरवर आल्यावर पुणंसुद्धा आपलं वाटतं. अंतराचे असेही फायदे असतात. हरलो, थोडक्यात हरलो. दिल्लीकडून भिंतीसारखा उभा राहिला तो फझल अत्राचली, म्हणजे इराणी गडी, आणि तोही एके काळी पुणेरी पलटणचाच कप्तान. दादा म्हणाला, "आपलंच सोनं, ह्यांनी फकस्त पॉलिश मारलं."

'आपलं' हा प्रकार दिल्लीत महागात पडू शकतो, हे इथल्या जुन्या मराठी माणसांना २०१० पासून ठाऊक आहे. राष्ट्रकुल स्पर्धांच्या आयोजन समितीचे अध्यक्ष सुरेश कलमाडी. स्टेडियमजवळचा पादचारी पूल उद्घाटनाच्या आधीच कोसळला. टॉयलेट पेपरच्या दरावरून देशभर गदारोळ झाला. त्या दिवसांत पहाडगंजपासून लक्ष्मीनगरपर्यंत मराठी आडनावाच्या प्रत्येक माणसाला भाजीवाल्यानं त्या पुलाचा जाब विचारला. पुढं एप्रिल २०२५ मध्ये कोर्टानं ईडीचा तपास बंद करण्याचा अहवाल स्वीकारला. आरोप पहिल्या पानावर आठ कॉलम, ही बातमी आतल्या पानावर बोटभर. भाजीवाला तोवर गावी निघून गेलेला, त्यामुळं त्याला आता शोधून सांगायचं तरी कुणी?

सेलिब्रिटी या बाबतीत दिल्लीचा जरा घोळ आहे. मुंबईत सिनेमावाले राहतात, त्यांना लोक लांबून बघतात. दिल्लीत राहतात ते पुढारी, त्यांना कुणीच बघत नाही; ते आपल्याला थांबवून जातात, एवढाच संबंध. शाहरुख खान मूळचा इथला, पण तो गेला. ती पोकळी भरून काढायला शहरानं शेवटी खाण्याच्या गाड्यांवरून माणसं उचलायला सुरुवात केली. त्यातूनच २०२४ मध्ये 'वडापाव गर्ल' आली. चंद्रिका दीक्षित हिनं दिल्लीत वडापावची गाडी लावली, तिच्यापुढं रांगा लागल्या, व्हिडिओ फिरले, आणि जून महिन्यात ती थेट 'बिग बॉस ओटीटी'च्या घरात. त्या काळात मला भेटणाऱ्या प्रत्येकानं विचारलं, "आप तो महाराष्ट्र से हैं, वडापाव कैसा है उसका?" जणू राज्यातला प्रत्येक वडा माझ्या सहीनं तळला जातो.

तसं माझ्याकडं मत होतं. वडापाव १९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर जन्मला असं सांगतात, आणि तो जन्मला तो गिरणीच्या पाळीला पळणाऱ्या माणसासाठी: एका हातात धरायचा, दुसऱ्या हातानं लोकलचा दांडा. दिल्लीत वडापावसाठी लोक गाडी काढून येतात, पार्किंग शोधतात, तासभर उभे राहतात आणि वर चीज घालून घेतात. धावत्या माणसाच्या खाण्याला एवढा निवांतपणा सोसत नाही, म्हणून पाव रुसतो. पण पोरीचं कौतुक वाटलं. विट्याहून येऊन दादानं भट्टी लावली तेव्हा त्याच्यापुढं ना कॅमेरा होता ना रांग. दादाला विचारलं, हिचा टंच काय? तो म्हणाला, "चटणीत लसूण हाय का?" "आहे म्हणतात." "मग बावीस कॅरेट."

या सगळ्यावर मात करील असा आपला, मराठीचा, एक सोहळा दिल्लीत झाला, म्हणून मी फार आशेनं त्याकडं बघत होतो. फेब्रुवारी २०२५, अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. यापूर्वी दिल्लीत संमेलन भरलं होतं ते १९५४ मध्ये, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली, आणि उद्घाटनाला पंडित नेहरू. या वेळी अध्यक्ष लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर, म्हणजे आमच्या सांगलीच्या; आणि जागा तालकटोरा, जिथं १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या फौजेचा तळ पडला होता. पुण्याहून खास रेल्वेगाडी आली, तिला नाव महादजी शिंद्यांचं, आणि तिच्या डब्याडब्यांत कवितावाचन. (दिल्लीपर्यंत कविता ऐकत आलेल्या त्या गाडीच्या टीसीला माझा साष्टांग नमस्कार.) दादानं आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकांच्या स्टॉलवर घासाघीस केली आणि तोळ्याच्या हिशेबानं ज्ञानेश्वरी घेतली.

संध्याकाळी आम्ही सगळे टीव्हीपुढं बसलो. आता दाखवतील, भवाळकर काय बोलल्या ते दाखवतील. विज्ञान भवनात उद्घाटनाला पंतप्रधान, स्वागताध्यक्ष शरद पवार. दाखवलं काय? पवार बोलून परत आले, मोदींनी त्यांना खुर्चीवर बसायला हात दिला आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. बस्स. तो पेला पुढं दोन दिवस चालला. सावकाश करून दाखवला, गोल करून दाखवला. पाणी किती ओतलं, पवार ते प्याले का, आघाडीचं काय होणार, यावर तज्ज्ञ बसले. तिसऱ्या दिवशी नीलम गोऱ्हे यांनी एका राजकीय आरोपात मर्सिडीजचा उल्लेख केला आणि मग पेला उचलून तिथं मर्सिडीज उभी केली. ओवी, जातं, सीता, लोकपरंपरेतल्या बायका यांवर भवाळकरांनी जे आयुष्यभर लिहिलं त्याला फिल्मसिटीत डबकं सापडलं नाही.

आबांनी मात्र कुठलीतरी मराठी वाहिनी लावून त्यांचं भाषण ऐकलं होतं. रात्री फोनवर म्हणाले, "बाई बोलली चांगली. आपल्या आजीवानी बोलली." आणि मग, आवाज खाली आणून, "त्या पेल्यात पाणीच हुतं न्हवं?"

मग येतो नोव्हेंबर. या महिन्यात दिल्लीत राजकारण, क्रिकेट, वडापाव सगळं मागं पडतं आणि एकच आकडा चालतो, हवेच्या प्रदूषणाचा, एक्यूआय. अंकलजी सकाळी नमस्ते म्हणत नाहीत, "चार सौ बारह" म्हणतात, आणि समोरच्यानं "हमारे टॉवर के पीछे चार सौ तीस" म्हणून उत्तर द्यायचं. 'ग्रॅप' नावाच्या प्रदूषण-निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला की शाळांची चर्चा, चौथा लागला की ट्रकांची. गडकरींसारखा मंत्रीसुद्धा दिल्लीत आलं की तब्येत बिघडते असं उघड सांगतो, मग आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं? आबांना मी समजावलं, की सरकारी मोजमाप पाचशेवर थांबतं. हवा त्याच्यापुढं कितीही बिघडली तरी आकडा पाचशेच. ते विचारात पडले. "आमच्या शाळंत पस्तिसाच्या खाली किती का पडंनात, नापासच लिवायचे. तसंच की."

अशाच एका रविवारी दादा आला तो खोकत. अंकलजींनी त्याला धरून आपल्या घरी नेलं आणि नवीन एअर प्युरिफायर दाखवला. निळा दिवा, बारीक घरघर. दादा त्याच्यापुढं उकिडवा बसला, चारी बाजूंनी बघितला, जाळीवर बोट फिरवून बोटाचा वास घेतला.

"टंच कितना?" त्यानं विचारलं.

अंकलजींना शब्द कळला नाही, पण खोक्यावरचा आकडा तोंडपाठ होता. "निन्यानवे पॉइंट नौ सात!"

दादाच्या चेहऱ्यावर एवढा आदर मी कोहलीसाठीसुद्धा बघितला नव्हता. तो फिल्टर काढायला लावून त्यातली काळी भुकटी कितीतरी वेळ बघत राहिला. मग माझ्याकडं वळून हळूच मराठीत म्हणाला, "इचार की त्यास्नी, हा केर कोण घेऊन जातंय?"